दोन्या कासिल्दानं केक पळवला

काळ्या घेवड्याचं भांडं घरी शेगडीवरच राहिलं आहे, हे आंपारो किंतानारला आठवलं तेव्हा तिच्या डाव्या गालावरचा व्रण नुकताच चिकटवून झाला होता. कानापासून हनुवटीपर्यंत गेलेला, जांभळट, बघवणार नाही असा व्रण. तो चिकटवायला तासभर लागायचा आणि काढायला त्याहून जास्त, त्यामुळे आता तो चेहऱ्यावरच ठेवून जे काय करायचं ते करणं भाग होतं.

"गॅस बंद केल्याचं मला काही आठवत नाही गं," ती मेकअपवाल्या तेरेला म्हणाली.

"मग घरी फोन करा ना, बाई."

"केला. एफ्रेन उचलत नाही. एक तर तो झोपलाय, नाहीतर घर जळलंय."

"पण चारला सीन आहे. बारागानसाहेब स्वतः सेटवर आहेत आज."

"मी गेले आणि आले," असं म्हणून आंपारो उठली आणि अंगावर घोट्यापर्यंत काळा चामडी कोट, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, केसांत पांढरी बट, अशा अवतारात आपल्या छोट्याशा फोक्सवॅगनमध्ये जाऊन बसली.

बारागानसाहेबांचं नाव तेरेनं उगीच घेतलं नव्हतं. मालिकेचे ते दिग्दर्शक, आणि वेळेचे असे पक्के की उशीर करणाऱ्या नटाला ते रागवत नसत, मारून टाकत. म्हणजे कथेत. सेक्रेटरीचं काम करणारी मुलगी दोनदा उशिरा आली आणि तिसऱ्या आठवड्यात लिफ्टच्या खड्ड्यात पडून मेली. फादर आन्सेल्मोंचं काम करणारे इलारियोन ओर्नेलास तर सज्जन गृहस्थ होते. पण दुपारच्या झोपेपुढे त्यांचं काही चालत नसे. महिन्यापूर्वी त्यांची होडी वेराक्रूसच्या बंदरात स्फोट होऊन बुडाली आणि अख्ख्या देशातल्या म्हाताऱ्या रडल्या.

आणि ती होडी उडवली होती दोन्या कासिल्दानं. म्हणजे आंपारोनं.

आंपारोनं सव्वीस वर्षं टीव्हीवर मोलकरणी केल्या होत्या. ट्रे घेऊन यायचं, "साहेब, जेवण वाढलंय" म्हणायचं आणि ट्रे घेऊन जायचं. एकदा एका नर्सचं काम मिळालं, त्यातही हातात ट्रेच होता. आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, आणि बंदरातल्या तस्करांची राणी दोन्या, म्हणजे बाईसाहेब, कासिल्दा म्हणून तिला उभं केलं. आता सोमवार ते शुक्रवार रात्री आठ वाजता मेक्सिकोत कुणी कुणाला फोन करत नसे. दोन्या कासिल्दा कधी ओरडायची नाही, पिस्तूल काढायची नाही. समोरच्या माणसाकडे मायेनं बघायची आणि हळूच विचारायची, "जेवलास का, बाळा?" जाहिराती संपेपर्यंत तो माणूस जिवंत नसायचा.

हे वाक्य लेखक लिसांद्रोनं आंपारोकडूनच उचललं होतं. ती सेटवर दिवे लावणाऱ्यांपासून झाडू मारणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना हेच विचारत हिंडायची. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं.

घर जळलं नव्हतं. तिचा नवरा एफ्रेन खुर्चीत बसून नकाशांचं जुनं पुस्तक चाळत होता. तो भूगोलाचा निवृत्त मास्तर होता आणि निवृत्तीनंतर फोनची घंटा त्याला शाळेच्या घंटेसारखी वाटायची, म्हणून तो उचलत नसे.

"गॅस?" आंपारोनं दारातूनच विचारलं.

"बंद केला. घेवडा जरा खाली लागला होता. मी वरचा वरचा खाल्ला. चांगला झालाय." मग त्यानं मान वर केली आणि दचकला. "अगं, निदान बेल तरी वाजवायचीस! या थोबाडानं घरात शिरतेस, माझ्या काळजाचा विचार कर."

"उशीर होतोय. येते मी," म्हणून आंपारो खाली आली, आणि तिच्या गाडीसमोर, अगदी नाकाला नाक लावून, एक पांढरी व्हॅन उभी होती. व्हॅनवर हंसाचं चित्र आणि एका केकवाल्याच्या दुकानाचं नाव. चालक फुटपाथच्या कडेवर बसून कागदी टोपीनं वारा घेत होता. चाळिशीचा, हडकुळा, घामाघूम झालेला माणूस.

"बाळा, गाडी जरा मागे घेतोस का?" आंपारो म्हणाली. "मला बाहेर पडायचंय."

माणसानं वर पाहिलं. आधी बूट दिसले, मग कोट, मग व्रण. त्याच्या हातातली टोपी हलायची थांबली.

"केव्हाचा उन्हात बसलायस?" आंपारोला त्याची दया आली. खरंच, एप्रिलचं ऊन, आणि याच्या गालांची तर हाडं दिसत होती. "जेवलास का, बाळा?"

तो माणूस उभा राहिला. "दोन्या," तो म्हणाला, "माझं नाव फिदेन्सियो. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. मला दोन मुली आहेत. धाकटी अजून रांगते."

"अगं बाई, रांगते? थांब, त्यांच्यासाठी देते काहीतरी," म्हणून आंपारोनं चिंचेच्या गोळ्या काढायला कोटाच्या खिशात हात घातला.

फिदेन्सियोनं तो हात बाहेर येण्याची वाट पाहिली नाही. व्हॅनच्या किल्ल्या त्यानं तिच्या पायांशी ठेवल्या, देवापुढे ठेवाव्यात तशा, आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत तो असा पळाला की रस्त्यावरची कबुतरं उडाली. आंपारो गोळ्यांची पुडी हातात धरून "अरे, ऐक तर!" म्हणत राहिली.

एफ्रेन खिडकीत आला होता. "काय केलंस त्याला?"

"जेवलास का विचारलं."

"या तोंडानं?"

"दुसरं कुठून आणू?"

व्हॅन मागे सरकवून ठेवावी आणि आपण निघून जावं, असा साधा विचार करून आंपारोनं मागचं दार नीट लागलंय का ते पाहिलं. नीट लागलं नव्हतं. तिनं ते उघडलं आणि तोंडावर हात ठेवला.

आत पाच मजली गुलाबी केक होता. मजल्यामजल्यांना जोडणारे साखरेचे जिने, जिन्यांवर साखरेच्या जोड्या, आणि सगळ्यांत वर गुलाबी घेरदार झग्यातली बाहुली. खाली चिठ्ठी होती: नायेलीच्या पंधराव्या वाढदिवसासाठी, मिरामोंतेसचा हॉल, दुपारी तीन. वरच्या दोन मजल्यांवरचं क्रीम उन्हानं घाम आल्यासारखं चमकत होतं, आणि बाहुली किंचित डावीकडे कलली होती.

"एफ्रेन, खाली ये," आंपारोनं हाक मारली.

व्हॅनवर दुकानाचा नंबर लिहिलेला होता. एफ्रेननं वर जाऊन जन्मात पहिल्यांदा आपण होऊन फोन फिरवला. लाइन सारखी व्यग्र लागत होती, कारण औषधांच्या दुकानातून फिदेन्सियो त्याच नंबरावर ओरडत होता. पण हे त्या दोघांना कुठून कळणार?

"पोलिसांना सांगू," एफ्रेन परत खाली येऊन म्हणाला.

"ते येईस्तोवर याचं सूप होईल. पोरीचा पंधरावा वाढदिवस आहे रे, लग्नाइतकाच मोठा. तो काय परत येतो?" आंपारो किल्ल्यांकडे बघत म्हणाली. "मिरामोंतेस स्टुडिओच्या वाटेवरच आहे. केक उतरवायचा आणि तिथून मी टॅक्सीनं जाते. तू मागे बस आणि केक धर."

"कुठून धरू?"

"जिथून पडेल तिथून."

व्हॅन निघाली. आंपारोला एवढी मोठी गाडी चालवायची सवय नव्हती, आणि त्यात केक. त्यामुळे ती चालत जाणाऱ्या माणसाच्या वेगानं जात होती. मागे एफ्रेन दोन्ही हात पसरून, लग्नात पहिल्यांदा नाचताना बायकोला धरलं होतं तितक्याच भीत भीत, केकला मिठी मारून बसला होता. प्रत्येक गतिरोधकावर तो देवाचं नाव घ्यायचा आणि मग "तिसरा मजला सरकला!" अशी बातमी द्यायचा. मागे वाहनांची रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. शेवटी मोटरसायकलवरचा एक वाहतूक हवालदार पुढे आला आणि त्यानं व्हॅन बाजूला घ्यायला लावली.

"बाई, ही काय प्रेतयात्रा आहे? लायसन्स दाखवा," असं म्हणत तो खिडकीत वाकला. आणि वाकलेलाच राहिला.

"साहेब, चूक झाली," आंपारो घाईघाईनं म्हणाली. "ही गाडी माझी नाही, पण मी चोरलेली नाही. ज्याची आहे तो पळून गेला."

हवालदाराच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. त्यानं टोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि इकडेतिकडे पाहिलं. "कॅमेरा कुठे लपवलाय?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"कॅमेरा नाही हो. केक आहे."

"कळलं, कळलं. मी कॅमेऱ्याकडे बघणारच नाही. मला काय बोलायचंय?"

"तुम्हाला काही बोलायचं नाही. आम्हाला फक्त मिरामोंतेसला उशीर होतोय."

"आंपारो!" मागून एफ्रेनचा आवाज आला. "बाहुली माझ्या खांद्यावर आलीय!"

"ओलीसही आहे का?" हवालदार खूश झाला. "छान लिहिलंय." आणि तो मोटरसायकलवर बसला, त्यानं भोंगा सुरू केला आणि हात उंचावून वाहतूक थांबवत पुढे निघाला. आंपारोला त्याच्या मागे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भोंग्याच्या आवाजानं लोक बाल्कनीत आले, आणि बाल्कनीतल्या लोकांनी दोन्या कासिल्दाला पांढऱ्या व्हॅनमध्ये पोलिसांच्या पाठोपाठ जाताना पाहिलं. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पोरांना आत ओढलं.

मिरामोंतेसच्या हॉलमध्ये तोपर्यंत रडारड झाली होती. नायेलीचा बाप वेन्सेस्लाओ हा फरश्यांचा व्यापारी. मुलीच्या वाढदिवसाची एकेक गोष्ट त्यानं एकेका नातलगाकडे सोपवली होती. कुणाकडे झगा, कुणाकडे वाजंत्री, आणि केक त्याचा जिवलग दोस्त बाल्दोमेरोकडे. मुलीच्या बारशाला तिला हातात घेतलेला माणूस तो, शिवाय बोलण्यात राजा. "असा केक आणतो की लोक तुझ्या मुलीचं लग्न विसरतील, पण हा केक नाही," असं तो सहा महिने सांगत होता. आणि आता नुकताच दुकानाच्या मालकिणीचा फोन आला होता, की केक दोन्या कासिल्दानं पळवला.

"बाल्दोमेरो, तुझी ती केकवाली पिऊन फोन करते का?" वेन्सेस्लाओ लाल होऊन विचारत होता.

"मला काय माहीत, मित्रा? दुकान तर चांगलं होतं."

"केक पळवला कुणी, तर म्हणे टीव्हीवालीनं! आणखी दोन दिवसांनी म्हणशील झगा सांताक्लॉजनं नेला!"

तेवढ्यात भोंगा ऐकू आला. सगळे दाराकडे धावले. मोटरसायकल थांबली, व्हॅन थांबली, आणि व्हॅनमधून काळ्या कोटातली, व्रणवाली, पांढऱ्या बटेची दोन्या कासिल्दा उतरली. मागचं दार उघडलं तर आत एक म्हातारा पाच मजली केकला मिठी मारून बसलेला, आणि त्याच्या गालाला गुलाबी क्रीम.

वाजंत्रीवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली आणि ते बघत राहिले.

"माफ करा हं, थोडा उशीर झाला," आंपारो म्हणाली. "वाढदिवसाची मुलगी कोणती?"

वेन्सेस्लाओनं मान वळवून बाल्दोमेरोकडे पाहिलं. "हे... हे तू केलंस?"

बाल्दोमेरोनं मोटरसायकलकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, टाचा उंचावून पाहणाऱ्या दोनशे पाहुण्यांकडे पाहिलं. मग छाती पुढे काढली. "मग? मी तुला सहा महिने काय सांगत होतो?"

आणि मग जो जल्लोष झाला! वाजंत्री सुरू झाली, बाल्दोमेरोला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न झाला आणि त्याचं वजन बघून सोडून दिला गेला. नायेलीनं गुलाबी झग्यात किंचाळत येऊन आंपारोच्या गळ्यात हात टाकले. एफ्रेनच्या कुशीतून केक उतरवून टेबलावर ठेवला तेव्हा तिसरा मजला थोडा पुढे आला होता. पण बाल्दोमेरो सगळ्यांना सांगत सुटला, की हल्ली युरोपात अशीच पद्धत आहे.

"टॅक्सी कुठे मिळेल हो?" आंपारोनं विचारलं.

"टॅक्सी?" नायेलीची आई तिचा हात धरून म्हणाली. "कोंबडीचं मोले केलंय, मिरच्यांच्या रश्शातलं. पहाटे चारपासून तिखट वाटतेय मी. जेवल्याशिवाय जायचं नाही. जेवलात का तुम्ही?"

"नाही, पण..."

"नाही म्हणाल्या! ताट आणा!"

"आंपारो, म्हण की वेळ नाही," एफ्रेन तिच्या कानात कुजबुजला.

"कसं म्हणू रे? पहाटे चारपासून वाटतेय ती."

आंपारो जेवायला बसली. मोले उत्तम होतं, पण तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती, आणि त्यात चारला थोडाच वेळ उरला होता. शेजारी हवालदार दुसऱ्यांदा वाढून घेत होता आणि "हा सीन कधी दाखवणार?" विचारत होता. तेवढ्यात आंपारोच्या पाठीत एक फटका बसला.

मागे नायेलीची आजी, दोन्या त्रान्सितो, उभी होती. काळी शाल, हातात पिशवी. फटका पिशवीनंच मारला होता, आणि पिशवीत बहुधा प्रार्थनेचं जाड पुस्तक होतं.

"खुनी!" आजी म्हणाली. "फादर आन्सेल्मोंना मारून इथे बसून मोले खातेस?"

"आई, ती नटी आहे," वेन्सेस्लाओ मध्ये पडला. "ते सगळं खोटं असतं."

"तू गप बस. मी रडले ते खोटं होतं? एका महिन्यात माझं चार किलो वजन कमी झालं."

सगळ्यांना वाटलं आंपारो आता हसेल, सही देईल आणि विषय संपेल. पण आंपारो उठून उभी राहिली आणि तिनं खाली मान घातली. "चुकलंच माझं, आजी," ती म्हणाली. होडीवरच्या त्या सीनच्या दिवशी तिला स्वतःलाही जेवण गेलं नव्हतं.

"चुकलं म्हणून तो माणूस परत येतो का? परत आण त्याला."

"माझ्या हातात नाही हो ते."

"सगळं बंदर तुझ्या हातात आहे आणि एक फादर नाही?" आजीनं गळ्यातली जपमाळ काढून आंपारोच्या हातात कोंबली. "घे शपथ. आणीन म्हण. नाहीतर मी इथून हलत नाही आणि तूही नाहीस."

दाराच्या दिशेनं आजी उभी होती. आंपारोनं एफ्रेनकडे पाहिलं, एफ्रेननं छताकडे पाहिलं. "आणीन," आंपारो म्हणाली. सव्वीस वर्षांत तिनं बारागानकडे साधा पंखासुद्धा मागितला नव्हता, आणि आता जपमाळेवर हात ठेवून एका मेलेल्या माणसाला परत आणायचं वचन देऊन बसली होती.

निघण्याआधी तिनं हॉलच्या फोनवरून केकवाल्या दुकानाचा नंबर लावला. आता तो लागला.

"तुमच्या फिदेन्सियोला रागावू नका हो," ती म्हणाली. "दोष माझा आहे. केक पोचलाय."

"आपण कोण?" मालकीण फणकारली.

"मी आंपारो किंतानार."

"कोण किंतानार? हे बघा बाई, त्याला मी कामावरून काढलंय. थापा मारतो. म्हणे दोन्या कासिल्दानं..."

आंपारोनं एक सुस्कारा सोडला. "मी दोन्या कासिल्दाच बोलतेय. फिदेन्सियो जेवला का?"

मालकिणीचा आवाज अगदी बारीक झाला, "जेवेल, दोन्या. आत्ता वाढते. उद्यापासून रोज वाढते."

व्हॅन दुकानात पोचवायचं काम एफ्रेननं घेतलं. हवालदारानं आंपारोला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि भोंगा वाजवत स्टुडिओत नेऊन सोडलं. तरी पाच वाजून गेले होते.

सेटवर वेराक्रूसचा धक्का उभारला होता. पोती, दोरखंड, निळ्या कापडाचा समुद्र. बारागानसाहेब धक्क्याच्या टोकाशी हात मागे बांधून उभे होते आणि त्यांच्या शेजारी लिसांद्रो टाइप केलेल्या पानांचे दोन गठ्ठे घेऊन. एका गठ्ठ्यात कासिल्दा होडीनं पळून जात होती. दुसऱ्यात तसं नव्हतं.

"आल्या का?" बारागान शांतपणे म्हणाले. "कोटावर गुलाबी काय आहे?"

"क्रीम, साहेब. माझं असं झालं, की घेवडा..."

"लिसांद्रो, दुसरा गठ्ठा."

लिसांद्रोनं आंपारोकडे न बघता पानं दिली. तेरेनं डोळे पुसत तिच्या कोटावर लाल रंग लावला. दोन्या कासिल्दाला पोत्यांआडून गोळी लागणार होती, तिनं "समुद्र किती शांत आहे" असं म्हणायचं होतं आणि मरायचं होतं. उद्यापासून पुन्हा ट्रे, आंपारोच्या मनात आलं. सव्वीस वर्षं तिला ट्रेचं वजन जाणवलं नव्हतं. आज पोत्यांवर आडवी होताना ते हातांत आल्यासारखं वाटलं.

"कॅमेरा..." बारागान म्हणाले.

"साहेब, एक विचारू?"

सेटवर कुणीतरी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली टाकला. आंपारो किंतानारनं कॅमेरा सुरू होताना तोंड उघडलं असं आजवर कधी घडलं नव्हतं.

"काय?"

"मरायला माझी ना नाही. उशीर झाला, मरायलाच पाहिजे. पण फादरशिवाय कशी मरू?" ती पोत्यांवर उठून बसली. "एवढी पापं केलीत मी. तीसेक खून. पापांची कबुली दिल्याशिवाय नुसतं समुद्र शांत आहे म्हणून मेले, तर घरोघरच्या म्हाताऱ्या काय म्हणतील?"

"बरोबर आहे बाईंचं," शिडीवरून दिवेवाला म्हणाला आणि त्यानं छातीवर क्रूस काढला. तेरेनंही काढला. समुद्राचं कापड हलवणाऱ्या दोघांनीही, आणि त्यामुळे समुद्र क्षणभर थांबला.

बारागाननी वैतागून हात झटकले. "ठीक आहे. कुणाला तरी झगा घाला आणि उभा करा."

"कुणालाही नको, साहेब. फादर आन्सेल्मोच पाहिजेत."

"त्यांना तुम्हीच उडवलंत!"

"होडी उडवली. त्यांना मेलेलं कुणी पाहिलं?"

बारागाननी लिसांद्रोकडे पाहिलं. लिसांद्रो डोकं खाजवत होता. "अंत्यविधीच्या सीनमध्ये शवपेटी बंद होती, साहेब," तो हळूच म्हणाला. "इलारियोन पेटीत झोपायला आले नव्हते त्या दिवशी. घरीच झोप लागली होती त्यांना."

इलारियोन ओर्नेलास चार गल्ल्या पलीकडे राहत होते. महिनाभर ते कुत्र्यांच्या खाऊच्या एका जाहिरातीची वाट बघत बसले होते. तेरेनं फोन केला, आणि दुपारची झोप झालेले इलारियोन स्वतःच्या कपाटातला फादरचा झगा घालून, धापा टाकत, स्टुडिओच्या फाटकातून आत आले. त्यांच्या उभ्या आयुष्यात ते कुठेही इतक्या लवकर पोचले नव्हते. लिसांद्रोनं तोवर अर्ध्या पानावर लिहून काढलं होतं, की त्यांना कोळ्यांनी वाचवलं.

गोळी लागली. दोन्या कासिल्दा पोत्यांवर कोसळली. धुक्यातून फादर आन्सेल्मो आले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"फादर," ती पुटपुटली, "मी पापी आहे."

"बोल, मुली," फादर म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

लिसांद्रोच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यानं बारागानकडे पाहिलं. बारागाननी त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यापासून म्हणजे बालपण. पहिली चोरी. पहिलं प्रेम. तीस खून, आणि प्रत्येक खुनामागे एक गोष्ट, आणि प्रत्येक गोष्ट पुन्हा मागे जाऊन दाखवता येण्यासारखी. आणि कबुली संपल्याशिवाय या बाईला मरता येणार नाही, हे तर आताच सगळ्यांच्या देखत ठरलं होतं.

"कट," बारागान अगदी हळू आवाजात म्हणाले. "आंपारोबाई, पाठीखाली एखादी उशी देऊ का?"

एप्रिल गेला, मे गेला. दोन्या कासिल्दा पोत्यांवर मरत होती, आणि देश पूर्वीपेक्षा जास्त संख्येनं आठ वाजता टीव्हीसमोर बसत होता. आंपारोच्या पाठीखाली आता तीन उशा होत्या. फादर आन्सेल्मोंना मात्र कॅमेऱ्याच्या कोनासाठी गुडघ्यांवरच बसावं लागायचं, तेही रोज, आणि तेही वेळेवर. जूनच्या एका दुपारी, दिवे नीट करायला थोडा वेळ मिळाला तेव्हा, ते तिच्या कानाशी वाकले.

"आंपारो, खरं सांग," इलारियोन गुडघा चोळत म्हणाले, "अजून किती पापं आहेत तुझी?"

आंपारोनं उशीवरून मान वळवली. "लिसांद्रो म्हणतो, नाताळपर्यंत पुरतील," ती म्हणाली. "पण तुम्हाला खूपच त्रास होत असेल, तर एखादा खून मी गाळते."